उतारवयात डोंगरउतारावर: रिसॉर्टमध्ये खोली घेताना काय विचारावे?

म्हापशेकर

माझे वय ७३, सौभाग्यवतींचे ६९. गेल्या जूनमध्ये आमच्या लग्नाला ४५ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पुण्याच्या मुलीने आणि दुबईच्या मुलाने मिळून आम्हांला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या बाजूला, डोंगरावरच्या एका रिसॉर्टमध्ये तीन रात्रींचा मुक्काम भेट दिला. रिसॉर्टचे नाव मुद्दामच लिहीत नाही. कोणाची तक्रार करणे हा या धाग्याचा हेतू नाही, आणि तिथल्या माणसांनी आमचे जेवढे केले तेवढे लग्नघरीही कोणी करत नाही.

म्हापशाहून डिचोली, साखळी, केरी असे करत आम्ही निघालो. अंजुण्याचे धरण मागे पडून घाट लागला आणि धुके इतके उतरले की चालकाने दिवे लावले. दीडच्या सुमारास पोहोचल्यावर कोकमाचे सरबत मिळाले, ओळखपत्रे दाखवून झाली, आणि मग एका पोरसवदा मुलाने आमच्या दोन्ही बॅगा उचलल्या व तो खाली उतरू लागला. आमची खोली दरीच्या तोंडाशी, स्वागतकक्षापासून ८४ पायऱ्या खाली होती. संकेतस्थळावरच्या छायाचित्रांत ती खोली होती, तिची गॅलरी होती, गॅलरीतून दिसणारी दरी होती. पायरी मात्र एकाही छायाचित्रात नव्हती.

सौ.चा उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदललेला आहे आणि डावाही त्याच वाटेवर आहे. पायऱ्या जांभ्या चिऱ्याच्या, पावसाने भिजलेल्या, आणि पहिल्या वीस-बावीस पायऱ्यांनंतर कठडा संपलेला. आम्हांला खाली पोहोचायला पंचवीस मिनिटे लागली. जेवणघर वर, स्वागतकक्षाशेजारी. त्यामुळे त्या ज्या एकदा खाली उतरल्या, त्या परतीच्या दिवशीच वर आल्या. मी मात्र दिवसातून तीनदा चढउतार करत राहिलो, कधी त्यांच्यासाठी काय आहे ते पाहायला, कधी गरम पाणी मागायला, आणि तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली.

प्रश्न असा आहे की या वयात अशा ठिकाणी जाऊच नये, की जाण्यापूर्वी आम्ही काही विचारून घ्यायला हवे होते? मुलांना अजून यातले काहीही सांगितलेले नाही. 'फार छान झाले' एवढेच कळवले आहे.

हिशेबनीस

तीन जेवणांसाठी वर आणि खाली मिळून दिवसाला ५०४ पायऱ्या होतात. ८४ लक्ष योनींचा फेरा आपण ८४ पायऱ्यांवर भागवलात, हे पाहता सौदा वाईट झाला असे म्हणवत नाही.

कुळागर

काका, मी सत्तरी तालुक्यातलाच. आमचे घरही उतारावर आहे आणि आजी ९१ वर्षांपर्यंत तिथेच राहिली, त्यामुळे 'म्हाताऱ्या माणसांनी डोंगरावर जाऊ नये' हे मला पटत नाही. फरक मांडणीचा आहे. आमच्याकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर, तुळस आणि विहीर एकाच पातळीवर आहेत. उतरायचे ते कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आणि कुळागरात उतरणे हे काम आहे, ते दिवसाला एकदाच करायचे. आजी सत्तरीनंतर कुळागरात उतरली नाही. ती माजघरात बसून सुपाऱ्यांचा हिशेब ठेवत असे. रिसॉर्टवाल्यांनी जेवण वर आणि झोप खाली ठेवली, तिथेच घोटाळा झाला.

जूनमधल्या चिऱ्याविषयी थोडे सांगतो. पहिल्या पावसात चिरा तेवढा निसरडा नसतो, कारण तो खडबडीत आणि भोकाभोकांचा दगड आहे. पंधरा दिवस पाऊस लागला की त्यावर हिरवी बुरशी आणि शेवाळ धरते. मग तो ऑक्टोबरपर्यंत भरवशाचा राहत नाही. आम्ही अंगणातल्या पायऱ्या पावसाळ्यात काथ्याच्या ब्रशाने घासतो, आणि तरीही दरवर्षी कोणी ना कोणी तिथे आपटतेच.

बांधकामातला निवृत्त

एका पायरीची उंची १५ सेंटिमीटर धरली तर ८४ पायऱ्या म्हणजे १२.६ मीटर, अर्थात चार मजली इमारत. लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली गुडघा बदललेल्या बाईंना कोणीही दिली नसती. पण तीच उंची डोंगराच्या अंगावर पसरली की ती 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून विकली जाते.

येथे कोणीतरी 'रस्ता का केला नाही' असे विचारील, म्हणून आधीच लिहून ठेवतो. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचे प्रमाण साधारणपणे १ ला १२ धरतात. त्या हिशेबाने १२.६ मीटर खाली जायला सुमारे १५१ मीटर लांबीचा उतार लागेल, आणि मधल्या विसाव्याच्या सपाट जागा वेगळ्याच. एवढा रस्ता काढायचा म्हणजे डोंगर कापणे आले. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्याच्या १७अ कलमाप्रमाणे डोंगराळ जमीन परवानगीवाचून कापता येत नाही, आणि ते योग्यच आहे. कापलेल्या उतारांची पावसात काय गत होते ते आपण सगळे पाहतो. त्यामुळे पायऱ्यांबद्दल मी रिसॉर्टला दोष देणार नाही. कठडा बाविसाव्या पायरीला संपतो याबद्दल मात्र देईन. कठडा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, दोन्ही बाजूंनी, आणि दर बारा पायऱ्यांनंतर टेकायला सपाट जागा, एवढे करायला डोंगर कापावा लागत नाही. त्याला फक्त लोखंडी नळ्या आणि एक वेल्डर लागतो.

मडगावकर

मी स्पष्टच लिहितो. साठीनंतर माणसाने गाडी जिथे दारापर्यंत जाते तिथेच उतरावे. डोंगरच हवा असेल तर फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या टेकडीवर राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. तिथून मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, बांदिवड्याची महालक्ष्मी आणि नागेशी ही सगळी देवस्थाने गाडीने जवळ आहेत. संध्याकाळी दर्शन घ्यावे, रात्री भात-आमटी जेवावे आणि झोपावे. दरी बघून कोणाचे पोट भरले आहे?

रानपाखरू

मडगावकर, लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला पाच देवळे करून भात-आमटी जेवायची असेल तर घर काय वाईट आहे? तेच तर रोज चाललेले असते.

माझे आईवडील चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अशाच एका ठिकाणी राहिले होते, जागा दुसरी, पण पायऱ्यांची गोष्ट तीच. आई चार दिवस गॅलरीतून हलली नाही. पहाटे पाचच्या सुमारास कोणीतरी रस्त्याने शीळ घालत चालले आहे असे तिला वाटले, आणि तिने बाबांना उठवून 'हा कोण वाह्यात माणूस आहे बघा' असे सांगितले. तो कस्तूर निघाला. पावसाळ्यात सह्याद्रीत हा पक्षी पहाटे अगदी माणसासारखी शीळ घालतो, सूर सुरू करतो आणि मध्येच सोडून देतो. पुढचे तीन दिवस आई पहाटे उठून त्याची वाट पाहत बसे. आजही ती त्या मुक्कामाबद्दल बोलते तेव्हा पायऱ्यांविषयी एक अक्षर काढत नाही.

म्हणून म्हापशेकर काकांना माझा एक प्रश्न आहे. धागा आपण काढला, कंबर आपली धरली; पण काकूंना तो मुक्काम कसा वाटला हे आपल्या लेखात कुठेही आलेले नाही. त्यांना विचारलेत का?

चहाटळ

रानपाखरू यांनी नेमके दुखऱ्या पायावर बोट ठेवले आहे.

स्वागतकक्ष

मी या व्यवसायात अठरा वर्षे आहे, आधी किनाऱ्यावर आणि आता डोंगरावर. आतली एक गोष्ट सांगतो, कारण ती ग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही.

उतारावरच्या रिसॉर्टमध्ये जी खोली सगळ्यांत खाली, म्हणजे दरीच्या सगळ्यांत जवळ, तिचा दर सगळ्यांत जास्त असतो, कारण तिथून दिसते ते दुसरीकडून दिसत नाही. स्वागतकक्षाच्या पातळीवरच्या खोल्या स्वस्त असतात, कारण त्यांच्यासमोर गाड्या लागतात. आता मुले आईवडिलांसाठी खोली घेतात तेव्हा काय करतात? ती दर बघतात आणि 'आईबाबांसाठी सगळ्यांत चांगली' असे म्हणून वरचा दर निवडतात. त्यामुळे आमच्याकडे तिशीतली जोडपी गाड्यांसमोरच्या खोल्यांत उतरतात आणि सत्तरीतली जोडपी ८४ पायऱ्या खाली जातात. हे मी दर हंगामात पाहतो. मुलांचा जीव जितका जास्त, तितक्या पायऱ्या जास्त.

उपाय सोपा आहे. खोली कुठूनही घ्या, पण त्यानंतर थेट रिसॉर्टला दूरध्वनी करा आणि स्वागतकक्षापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या, खोलीपासून जेवणघरापर्यंत किती, कठडा सलग आहे का आणि बॅटरीची गाडी नेमकी कुठपर्यंत येते, एवढे विचारा. 'पायऱ्या आहेत का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर 'थोड्या आहेत' असेच मिळते. आकडा विचारा. कोणती खोली कोणाला द्यायची हे बहुतेक ठिकाणी आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी ठरते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी दुसरा दूरध्वनी करा. वरच्या दराची खोली सोडून खालच्या दराची मागणारा पाहुणा कोणालाही नकोसा नसतो.

भौतिकोपचार

गुडघा बदललेल्यांसाठी लिहिते. दम चढताना लागतो, पण गुडघ्याला जड जाते ते उतरणे, कारण उतरताना सगळे ओझे वाकलेल्या गुडघ्यावर तोलून धरावे लागते. चढताना चांगला पाय आधी वर टाकावा, उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा, आणि दुसरा पाय त्याच पायरीवर आणून मगच पुढे जावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. कठडा असेल तर एक हात कठड्यावर हवाच. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायऱ्या उतरणारे ज्येष्ठ माझ्याकडे पुढच्या आठवड्यात येतात.

मला मात्र पायऱ्यांपेक्षा न्हाणीघराची भीती जास्त वाटते. महागड्या खोल्यांत काचेची दारे, गुळगुळीत फरशी आणि आत पाय टाकून उतरावे लागणारा टब असतो. टब टाळा, प्लॅस्टिकचे स्टूल मागून घ्या आणि बसून आंघोळ करा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर रात्री उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहा. परक्या खोलीत दिव्याचे बटण कुठे आहे ते अंधारात आठवत नाही, म्हणून न्हाणीघरातला दिवा रात्रभर चालू ठेवा. विजेचे बिल आपले नाही.

हिशेबनीस

दोन्ही पाय दुखरे असतील तर आधी कोणता टाकावा, याचेही मार्गदर्शन व्हावे.

भौतिकोपचार

हिशेबनीस, मग पाय न टाकता दूरध्वनी उचलावा आणि जेवण खोलीत मागवावे.

बेळगावकर

चोर्ल्याच्या रस्त्याने आमचे नेहमी जाणे-येणे असते, म्हणून दोन शब्द. जून ते सप्टेंबर या घाटात दुपारी तीननंतर धुके कधी दाट होईल याचा नेम नसतो. चालक ओळखीचा असावा आणि दिवेलागणीपूर्वी पोहोचावे. मोबाइलला घाटात सलग रेंज मिळत नाही. खोलीत जागेवरचा दूरध्वनी चालू आहे की नाही ते पोहोचल्या पोहोचल्या उचलून पाहावे. औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्तीची ठेवावीत, कारण जवळचे औषधाचे दुकान म्हणजे घाट उतरून साखळी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे आणि साखळी व वाळपईला सरकारी दवाखाने आहेत, पण मोठे काही झाल्यास बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळच गाठावे लागते, आणि घाटातून तिथवर दीड तास तरी धरावा. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे अंतर लक्षात घेऊन ठरवावे, बाकीच्यांनी खुशाल जावे.

परमुलखातली

मी त्या 'सगळ्यांत चांगली खोली' घेणाऱ्या मुलांपैकी एक आहे, म्हणून आमची बाजू मांडते.

मी आईबाबांना अशीच एक खोली घेऊन दिली होती, केप्याच्या बाजूला. मुक्काम झाल्यावर दूरध्वनी केला तर दोघांनीही 'छान, मस्त, जेवण उत्तम' असे सांगितले. मी इतकी खूश झाले की पुढच्या वर्षी तीच खोली पुन्हा घेतली. त्या वर्षीही 'छान, मस्त'. तिसऱ्या वर्षी मी गावी आले असता शेजारच्या मावशींनी सहज विचारले, 'यंदाही त्यांना त्या विहिरीत पाठवणार काय गो?' तेव्हा मला कळले की आमच्या घरात त्या रिसॉर्टचे नाव 'विहीर' असे पडले होते. दोन वर्षे माझे आईवडील केवळ माझे मन मोडू नये म्हणून विहिरीत उतरत होते.

म्हापशेकर काका, आपण 'फार छान झाले' असे कळवलेत ते प्रेमापोटी, हे समजते. पण आम्हांला माहिती मिळण्याचा दुसरा मार्ग कोणता आहे? छायाचित्रे तुम्हांला फसवतात तशीच तुमची उत्तरे आम्हांला फसवतात. कृपा करून मुलीला सांगा, नाही तर पुढच्या जूनमध्ये आपल्याला पुन्हा ८४ पायऱ्या मिळतील आणि त्यावेळी त्या पाच रात्रींसाठी असतील.

मडगावकर

'विहीर' वाचून मोठ्याने हसलो. माझे आधीचे मत थोडे मागे घेतो: देवळांनाही पायऱ्या असतात आणि त्या आम्ही कधी मोजत नाही, हे खरे आहे. भात-आमटीबद्दलचे मत मात्र कायम आहे.

म्हापशेकर

सर्वांचे आभार. रानपाखरू यांचा प्रश्न वाचून मी दोन दिवस गप्प होतो, आणि मग संपूर्ण धागा सौ.ना वाचून दाखवला. 'विहिरी'पाशी त्या हसल्या, भौतिकोपचारांच्या काठीपाशी त्यांनी मला काठी आणायला लावून हात बदलून पाहिला, आणि शेवटी, 'पण मी कुठे म्हटले मला त्रास झाला म्हणून?' असे विचारले.

त्यांचे म्हणणे त्यांच्याच क्रमाने लिहितो. उतरताना पहिल्या दिवशी भीती वाटली, हे खरे. पण एकदा खाली पोहोचल्यावर वर जावेसेच वाटले नाही. सकाळी आठला बॅगा उचलणारा तोच मुलगा चहा घेऊन येई. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला घरी नाश्त्याला काय असते असे विचारले. तो केरीचा, 'पेज' म्हणाला. मग दहाच्या सुमारास त्याने वरच्या जेवणघरातल्या ब्रेड-ऑम्लेटाऐवजी उकड्या तांदळाची पेज आणली, स्टीलच्या डब्यात, वर झाकणात मिठाच्या पाण्यातली दोन तोरे, म्हणजे कैऱ्या. ती कामगारांसाठी शिजवलेली पेज होती. त्या वेळी मी वर होतो, त्यांच्यासाठी पपईच्या फोडी आहेत की नाहीत याची चौकशी करत. मी खाली आलो तेव्हा डबा धुऊन कठड्यावर पालथा घातलेला होता, आणि मी आणलेली पपई 'तुम्हीच खा' म्हणून माझ्याकडे परत आली. हे मी पहिल्या लेखात लिहिले नाही, कारण माझ्या दृष्टीने ते घडलेच नव्हते.

त्या असेही म्हणाल्या की ४५ वर्षांत सलग तीन दिवस त्यांना कोणी 'आज काय करायचे' असे विचारले नाही, असे पहिल्यांदाच घडले. माझ्या ये-जा करण्याने मात्र त्यांची झोपमोड होत होती. तेव्हा पायऱ्यांची तक्रार ही माझी होती आणि मी ती त्यांच्या गुडघ्याच्या नावावर मांडली, हे येथे नोंदवतो.

कठड्याबद्दल मात्र त्यांचेही मत बांधकामातल्या निवृत्तांसारखेच आहे. परत येताना चढायला पस्तीस मिनिटे लागली आणि कठडा नसलेल्या भागात त्या मुलाचा खांदा धरावा लागला.

परमुलखातली यांचे ऐकून काल मुलीला सगळे सांगितले. ती आधी रडली, मग रागावली, आणि मग तिने आकडा विचारून लगेच त्याच रिसॉर्टला दूरध्वनी केला. जानेवारीत पायऱ्या कोरड्या असतील म्हणून आम्ही पुन्हा जाणार आहोत. स्वागतकक्षाच्या पातळीवरची खोली मिळते आहे. पण सौ. ती नको म्हणतात. त्यांना खालचीच हवी.

चहाटळ

म्हणजे धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर 'सौ.ना विचारावे' असे निघाले.

रानपाखरू

काकूंना सांगा की जानेवारीत कस्तूर फारसा शीळ घालणार नाही, तो पावसाळ्यातला गडी आहे. पण धनेश दिसण्याचा संभव आहे. उंबराचे किंवा वडाचे फळलेले झाड गॅलरीतून दिसत असेल तर दुर्बीण न्यावी.

म्हापशेकर

उंबर आहे, गॅलरीच्या डावीकडे. दुर्बीण मुलीकडून मागवतो.

स्वागतकक्ष यांना एक शेवटचे विचारायचे होते. तीनही वेळचे जेवण खोलीत मागवले तर त्याचे वेगळे पैसे लावतात का? जूनमध्ये आमच्याकडून घेतले नव्हते, पण ते त्या मुलाचे सौजन्य होते की रिसॉर्टचा नियम होता, हे कळले नाही.

स्वागतकक्ष

बहुतेक ठिकाणी लावतात, म्हणून आधी विचारून लिहून घ्या. घेतले नसतील तर नियम नसून तो मुलगाच असावा. त्याला वेगळे काही द्यायचे असल्यास जाताना त्याच्याच हातात द्या, स्वागतकक्षातल्या पेटीत टाकू नका. डब्यासकट त्या ८४ पायऱ्या दिवसातून तीनदा तोच उतरणार आहे.